बासरीवादकाची कारकीर्द कशी वाचायची? हरिप्रसाद चौरसिया, स्टुडिओ आणि एक बंद खोली

संगीतात पीएचडी करायचं ठरलं की सिनॉप्सिसचा एक साचा तयारच असतो. ‘पं. अमुक यांचे जीवन व सांगीतिक योगदान.’ पहिल्या प्रकरणात जन्म आणि बालपण, दुसऱ्यात गुरुपरंपरा, तिसऱ्यात कारकीर्द, चौथ्यात पुरस्कार, पाचव्यात शिष्य आणि शेवटी निष्कर्ष. कलाकाराचं नाव बदललं तरी साचा तोच राहतो. गाइडची हरकत नसते, समितीची नसते, आणि तीन-चार वर्षांनी एक जाडजूड प्रबंध ग्रंथालयात जाऊन बसतो. तो वाचून त्या कलाकाराचं संगीत ऐकताना आपल्या कानात काही फरक पडतो का? बहुतेकदा नाही.

आज हा साचा एका मोठ्या नावावर तपासून बघू: पं. हरिप्रसाद चौरसिया. बासरीवर संशोधन करायची इच्छा असलेले दहातले आठ जण याच नावापाशी येतात, म्हणून मुद्दाम हे उदाहरण. यांच्यावर ‘लिहिण्यासारखं’ खूप आहे, आणि अडचण नेमकी तिथेच सुरू होते.

दोन कप्प्यांची सवय

ठळक तपशील सगळ्यांना माहीत असतात. जन्म १९३८, अलाहाबाद. वडील पैलवान, मुलानेही आखाड्यात उतरावं ही त्यांची इच्छा. आधी पं. राजाराम यांच्याकडे गायन, मग बनारसचे पं. भोलानाथ प्रसन्ना यांच्याकडे बासरी. १९५७ मध्ये आकाशवाणीच्या कटक केंद्रावर नोकरी, तिथून मुंबईला बदली. मुंबईत सिनेमाच्या स्टुडिओंतली वादनं, त्याच शहरात अन्नपूर्णादेवींकडे तालीम. पं. शिवकुमार शर्मांसोबत ‘शिव-हरी’ या नावाने आठ चित्रपटांचं संगीत. १९९२ मध्ये पद्मभूषण, २००० मध्ये पद्मविभूषण. मुंबईत आणि भुवनेश्वरला वृंदावन गुरुकुल.

आता हे लिहिताना आपण काय करतो? दोन कप्पे करतो. एका कप्प्यात ‘शास्त्रीय’: मैफल, राग, गुरू. दुसऱ्यात ‘इतर’: सिनेमा, फ्युजन, परदेश दौरे. पहिल्या कप्प्याला ऐंशी पानं, दुसऱ्याला बारा. त्या बारा पानांचा सूरही जरा सांभाळून घेणारा असतो, जणू पोटापाण्यासाठी केलेल्या कामाबद्दल पाहुण्यांसमोर बोलायचं आहे.

माझं म्हणणं असं की निदान बासरीच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. चौरसियांची मैफलीतली बासरी आणि स्टुडिओतली बासरी ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. हे पटवायला पुरस्कारांची यादी काही कामाची नाही. त्यासाठी आधी वाद्याकडे जावं लागतं.

आधी वाद्य समजून घ्या

मैफलीत वाजते ती लांब, जाड, सहा छिद्रांची बांबूची बासरी. वरची तीन छिद्रं बंद केली की षड्ज. सहाही बंद केली की मंद्र पंचम, आणि त्याखाली जायची सोय नाही. चौरसियांच्या हातात बहुतेक वेळा सफेद तीनची बासरी असते. म्हणजे षड्ज सुमारे ३३० हर्ट्झ, आणि सर्वांत खालचा पंचम २४७ च्या आसपास.

आता एक गंमत बघा. सतारीवर खालचा सूर मोठा हवा असेल तर तार जोरात छेडता येते. बासरीवर ती सोय जवळजवळ नाही. मंद्रात फुंक वाढवली की सूर आधी चढतो आणि मग उडी मारून वरच्या सप्तकात जातो. म्हणजे मंद्रातला खरा, गोल सूर हा हळू फुंकीचाच सूर. हजार माणसांच्या सभागृहात तो मागच्या रांगेपर्यंत पोचायचा तर मायक्रोफोन लागतोच.

याचा अर्थ काय? लांब बासरीवर मंद्रापासून संथ आलापी करणं, जिला आपण ‘शुद्ध शास्त्रीय’ बासरीची खूण मानतो, ती मोठ्या सभागृहात मुळातच विजेवर उभी आहे. आणि मायक्रोफोनपुढे किती अंतरावर बसायचं, फुंकीचा सरसर आवाज किती येऊ द्यायचा, श्वास कुठे घ्यायचा म्हणजे तो ऐकू येणार नाही, हे शिकायला स्टुडिओइतकी कडक शाळा दुसरी नाही. तिथे चुकलात तर सगळ्या ऑर्केस्ट्राला टेक पुन्हा द्यावा लागतो.

ही लांब बासरी मैफलीत आणण्याचं श्रेय पन्नालाल घोषांना (१९११–१९६०) जातं. सुमारे बत्तीस इंची बासरी आणि मंद्रात तीव्र मध्यम मिळावा म्हणून सातवं छिद्र, ही त्यांची देणगी. घोषबाबूंची बासरी गायकी अंगाची. ख्याल गाणारा गळा जसा सूर लावतो तशी ती चालते. या परंपरेत बासरीच्या बनावटीवर पुढेही काम झालं, पुण्याचे पं. केशव गिंडे यांनी ‘केशव वेणू’ विकसित केली ती याच वाटेवर.

चौरसियांनी सातवं छिद्र घेतलं नाही. त्यांनी वेगळीकडे हात घातला: तंतकारी. सतार-सरोदवाले आलापानंतर जोड आणि झाला वाजवतात, त्यात चिकारीच्या तारा लय धरून ठेवतात. बासरीला चिकारी कुठून आणणार? मग ते काम जिभेच्या आघातावर आणि फुंकीच्या ठोक्यांवर टाकलं. ही खूण कानांना स्पष्ट कळते. त्यांचा कुठलाही पाऊण तासाचा राग काढा. आलापात लय नसते, मग एका जागी फुंकीला धक्के सुरू होतात. ती जागा घड्याळात नोंदवा. प्रबंधातला पहिला खरा डेटा तुम्हाला तिथे मिळाला.

नाव असलेली रेकॉर्ड, नाव नसलेली रेकॉर्ड

१९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ सगळ्यांनी ऐकलेली असते. संतूर शिवकुमार शर्मांचं, गिटार ब्रिजभूषण काबरांची, बासरी चौरसियांची, तबला माणिकराव पोपटकरांचा. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत. मराठी वाचकांनी लक्षात ठेवावं असं नाव निर्मात्याचं आहे: एचएमव्हीचे जी. एन. जोशी. हे तेच जोशी, मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक. तीन मिनिटांच्या तबकडीत भाव पुरा करायची सवय असलेला माणूस लाँग प्लेकडे बघतो, तेव्हा एकेका बाजूच्या वीसेक मिनिटांत काय बसेल याचा हिशेब त्याच्या अंगात असतो.

ही रेकॉर्ड समीक्षेत दोन टोकांनी वाचली जाते. एक टोक म्हणतं, हिच्यामुळे लाखो लोक शास्त्रीय संगीताकडे वळले. दुसरं म्हणतं, ही निसर्गचित्रं आहेत, राग नाहीत. दोघंही रेकॉर्डमधल्या बासरीचं काम ऐकत नाहीत. तिथे बासरी रागविस्तार करत नाही हे खरं. ती तीन वाद्यांत जागा वाटून घेते: संतूरचा सूर विरत जातो तिथे लांब सूर धरते, गिटारची मींड संपते तिथून पुढचा शब्द बोलते. आपण किती वाजवायचं नाही, हे ठरवणं म्हणजेच रचना. हा गुण मैफलीच्या व्यासपीठावर एकट्याने बसून येत नाही. ऑर्केस्ट्रात बसून येतो.

आता याच्या शेजारी दुसरी रेकॉर्ड ठेवा. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन काही ध्वनिमुद्रण केलं. त्यातला एक भाग बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ या गाण्यात वापरला गेला. त्या गाण्यातली बासरी चौरसियांची, असं आज नोंदवलं जातं. पण सिंगलवर भारतीय वादकांची नावं नव्हती.

म्हणजे काही महिन्यांच्या अंतराने, एकाच कंपनीच्या छत्राखाली, एकच वादक: एका रेकॉर्डच्या वेष्टनावर नावासकट, दुसऱ्यावर बिननावाचा. आपण पहिल्या रेकॉर्डवर प्रकरण लिहितो आणि दुसरी किस्सा म्हणून सांगतो. तर्क काय? नाव छापलं होतं, एवढाच. हा निकष छापखान्याचा झाला, संगीताचा नाही.

मुंबईच्या सिनेमा-ऑर्केस्ट्राचं तेच. पडद्यावर संगीतकाराचं नाव, वादकांचं सहसा नाही. त्यामुळे उलट चूकही होते: यूट्यूबवर जुन्या गाण्यात बासरी ऐकली की खाली कुणीतरी ‘हरिजी!’ लिहून मोकळा होतो. सुमंत राज यांच्यासारखे बासरीवादक त्याच स्टुडिओंत वर्षानुवर्षं वाजवत होते. कमेंट हा पुरावा नाही. ग्रेगरी बूथ यांचं ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) हे पुस्तक जरूर बघा. मुंबईच्या स्टुडिओ-वादकांशी बोलून हा विषय कसा उभा करता येतो, याचा तो चांगला नमुना आहे.

बंद खोलीतला अर्धा पुरावा

स्टुडिओत जम बसलेला असताना चौरसिया अन्नपूर्णादेवींकडे गेले. अन्नपूर्णादेवी (१९२७–२०१८) म्हणजे मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या कन्या, सुरबहारच्या थोर वादक. त्यांनी जाहीर वादन सोडलं होतं. मुंबईतल्या घरात निवडक शिष्यांना शिकवायच्या, बस्स. म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यात दोन विरुद्ध जागा आल्या. एका जागी प्रत्येक फुंक टेपवर जाते. दुसरीकडे टेपला, मंचाला, श्रोत्यांना दारच बंद.

संशोधकाची खरी परीक्षा इथे आहे. पहिल्या जागेचा पुरावा भरपूर, दुसरीचा जवळजवळ शून्य. अन्नपूर्णादेवींच्या वादनाचे खासगी ध्वनिमुद्रणांतले मोजके तुकडेच उपलब्ध आहेत. मग ‘अन्नपूर्णादेवींच्या तालमीमुळे त्यांच्या वादनात खोली आली’ हे वाक्य आपण कशाच्या जोरावर लिहितो?

बहुतेक जण इथे एक प्रसिद्ध गोष्ट पुढे करतात. गुरूंनी बराच काळ नकार दिला, तेव्हा आधीचं सगळं विसरून नव्याने सुरुवात करायची तयारी म्हणून चौरसियांनी बासरी धरायची बाजू बदलली. उजवीकडची डावीकडे घेतली. गोष्ट सुंदर आहे आणि स्वतः कलाकाराने सांगितलेली आहे. पण तिच्यात दोन वेगळी विधानं आहेत. बाजू बदलली, हे एक. अमुक कारणासाठी बदलली, हे दुसरं. पहिलं तपासता येतं. तारीख असलेले जुने फोटो जमवा आणि बघा. तेही सावधपणे, कारण छापताना फोटो उलटा होऊ शकतो. शेजारच्या तबलजीचा डग्गा कुठल्या हाताला आहे, मागच्या फलकावरची अक्षरं सरळ आहेत का, एवढं बघितलं की उलटा फोटो पकडता येतो. दुसरं विधान मात्र आठवणीचं आहे. ते आठवण म्हणूनच नोंदवायचं: कोणी, कधी, कुठे सांगितलं त्यासह. त्यावर सांगीतिक निष्कर्ष उभा करायचा नाही, कारण हात डावा की उजवा हे कानाला कळत नाही.

मग तालमीचा प्रभाव शोधायचा कसा? तुलनेने. अन्नपूर्णादेवींकडे शिकलेले दुसरे मोठे बासरीवादक मुंबईतच आहेत: पं. नित्यानंद हळदीपूर. वडील निरंजन हळदीपूर पन्नालाल घोषांचे शिष्य, त्यामुळे घरातला पाया घोष परंपरेचा, आणि पुढे अन्नपूर्णादेवींची तालीम. दोघांचा एकच राग लागोपाठ ऐका. हळदीपूरांची बासरी एका सुरापाशी थांबते, त्याच्या भोवती वळते, घाई करत नाही. चौरसियांची बासरी सुराला वाट मानते, पुढचं वळण तिला आधीच दिसत असतं. गुरू एक, वाद्य एक, आणि तरी हा फरक.

यातून निष्कर्ष जपून काढायचा. दोघांत जे समान आहे, उदाहरणार्थ आलापाची पायऱ्यापायऱ्यांनी बांधणी आणि एकेका सुराची बढत, ते त्या खोलीतून आलं असण्याची शक्यता धरता येते. जे वेगळं आहे, त्यासाठी त्या खोलीच्या बाहेर बघावं लागतं: एकीकडे घरातली घोष परंपरा, दुसरीकडे रेडिओ आणि स्टुडिओ. ‘शक्यता’ हा शब्द इथे पळवाट म्हणून नाही. पुरावा जेवढा आहे तेवढंच वजन विधानावर टाकायचं, एवढाच त्याचा अर्थ.

संगीतकार नंतर झाले का?

आता ‘संगीतकार’ या बाजूकडे येऊ. साच्यात ही बाजू १९८१ च्या ‘सिलसिला’पासून सुरू होते आणि १९९३ च्या ‘डर’पाशी संपते. मधे ‘फासले’, ‘विजय’, ‘चांदनी’, ‘लम्हे’, ‘परंपरा’, ‘साहिबां’. आठांतला ‘साहिबां’ सोडला तर सगळे यश चोप्रांचे.

पण कटकच्या आकाशवाणीवर त्यांची नोकरी वादनाबरोबर संगीतरचनेचीही होती. म्हणजे ते चाली बांधत होते १९५७ पासून, ‘सिलसिला’च्या चोवीस वर्षं आधीपासून. रचना ही कारकिर्दीच्या उत्तरार्धातली हौस नाही, ती सुरुवातीची नोकरी आहे.

शिव-हरींबद्दल आणखी एक आवडतं वाक्य: ‘दोघं शास्त्रीय कलावंत असल्याने त्यांची गाणी रागाधारित आहेत.’ ऐकून बघा. ‘सिलसिला’तलं होळीचं गाणं उत्तरेतल्या लोकधाटणीचं आहे. ‘चांदनी’तली लग्नघरात वाजणारी गाणी नाचासाठी आहेत. राग शोधत बसलात तर कुठे ना कुठे सापडेल, पण गाण्याचं यश त्यात नाही. माझ्या कानाला त्यांचं वेगळेपण दिसतं ते मोकळ्या जागेत: ओळ संपल्यावर संतूर किंवा बासरीला श्वास घेऊ देणं, आणि तो श्वास कॅमेऱ्याच्या संथ चालीला पुरेल इतका लांब ठेवणं. म्हणजे पुन्हा ‘कॉल ऑफ द व्हॅली’चंच कौशल्य.

समीक्षा म्हणजे नुसती आरती नव्हे, म्हणून तोटाही सांगायला हवा. हेच कौशल्य काही ठिकाणी गुळगुळीत होतं. पार्श्वभूमीला, ध्यानासाठी, विश्रांतीसाठी म्हणून निघालेल्या त्यांच्या अनेक ध्वनिमुद्रिकांत बासरी सुंदर वाजते आणि काहीच म्हणत नाही. सूर पक्का, फुंक रेशमी, पण राग कुठल्याही अडचणीत सापडत नाही. या ध्वनिमुद्रिका प्रबंधातून वगळल्या तर कलाकार आहे त्यापेक्षा एकसंध दिसतो. आणि स्टुडिओने या कारकिर्दीला काय दिलं हे मांडणाऱ्याने त्याची किंमत काय पडली हेही मांडायला हवं.

माझ्या मांडणीवरचा आक्षेप

कुणी विचारेल: स्टुडिओमुळे एवढा फरक पडतो, तर पन्नालाल घोषही सिनेमातच होते की! बरोबर. घोषबाबू १९४० मध्ये मुंबईला आले, बॉम्बे टॉकीजच्या ‘बसंत’ (१९४२) वर संगीतकार म्हणून त्यांचं नाव आहे. (त्या चाली मुळात त्यांचे मेहुणे अनिल विश्वास यांच्या, असं चित्रपटसंगीताचे अभ्यासक सांगतात. बघा, छापलेलं नावही पुरेसं नसतं.) शिवाय १९४७ पासून तेही अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकले. म्हणजे स्टुडिओही होता, मैहरही होतं, तरी त्यांची बासरी गायकीचीच राहिली.

आक्षेप खरा आहे, आणि त्याने माझी मांडणी थोडी आकसते. स्टुडिओ माणसाला अमुक शैली देतो, असं म्हणता येत नाही. त्याच्याकडे जे आहे ते मायक्रोफोनपुढे कसं ठेवायचं, हे तो शिकवतो, एवढंच म्हणता येतं. शिवाय काळाचा फरक आहेच. घोषबाबूंची बहुतेक व्यावसायिक ध्वनिमुद्रणं तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांची. लाँग प्ले रुळला तेव्हा ते गेले होते. चौरसियांना जोड-झाल्यासकट राग मुद्रित करायला वेळ मिळाला. घोषबाबूंनी मैफलीत काय काय वाजवलं, ते तबकडीत न मावल्यामुळे आपल्यापर्यंत किती आलं नाही, हा प्रश्न स्वतंत्र प्रबंधाच्या लायकीचा आहे.

जालन्यातून हे काम होईल का?

होईल. जालन्याच्या एमआयडीसीत, जिथे मी राहतो, तिथे संगीताचं संग्रहालय नाही, आहेत त्या स्टीलच्या रोलिंग मिल. रात्री त्यांची घरघर चालू असताना लॅपटॉपच्या स्पीकरवर बासरीचा मंद्र पंचम लावून बघा, अर्धा गायब होतो. हेडफोन लावला की परत येतो. वरचा मायक्रोफोनचा मुद्दा पुस्तक न उघडता कळतो. मूळ टेप, पत्रव्यवहार, स्टुडिओच्या नोंदी यांच्यासाठी मुंबईच्या खेपा कराव्या लागतील, पण पहिलं वर्ष प्रकाशित ध्वनिमुद्रणांवर निघू शकतं.

सुरुवात अशी करा. एक राग निवडा, चौरसियांची वेगवेगळ्या दशकांतली तीन ध्वनिमुद्रणं घ्या, शेजारी हळदीपूरांचं एक आणि घोषबाबूंचं एक. वहीत पाच रकाने आखा: आलाप किती मिनिटं, मंद्र पंचम पहिल्यांदा कधी, जोड कुठे सुरू, जिभेचे आघात कुठे, श्वास कुठे ऐकू येतो. ध्वनिमुद्रण मैफलीतलं की स्टुडिओतलं, हे वर लिहायला विसरू नका. प्रत्येक ध्वनिमुद्रण निदान तीनदा ऐका, आणि तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत कुणाची मुलाखत वाचू नका. मुलाखत आधी वाचली की कान तेच ऐकतात जे डोळ्यांनी वाचलेलं असतं.

मग सिनॉप्सिसचं शीर्षक ‘जीवन व योगदान’ उरणार नाही. ते काहीसं असं होईल: ‘बासरीवरील जोड-झाल्याची घडण: १९६० नंतरच्या प्रकाशित ध्वनिमुद्रणांच्या आधारे.’ समितीतले सर विचारतील, विषय फार छोटा नाही का? त्यांच्यासमोर ती पाच रकान्यांची वही ठेवा.